सामना संपेपर्यंत तवा तापू द्या

१८ डिसेंबर २०२२, रविवार. कतारच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. रात्रीचे अकरा वाजत आले होते. गोखिवऱ्यात रेंज नाक्याच्या अलीकडे, गाळ्यांच्या रस्त्याला, एक जुना ‘छोटा हत्ती’ टेम्पो उभा असतो. त्याच्या हौद्यावर पत्र्याचं छप्पर आहे आणि एका बाजूची फळी वर उचलून लोखंडी सळीवर टेकवलेली असते. त्या रात्री आतल्या मांडणीवर, अंड्यांच्या ट्रेंच्या शेजारी, सुतळीनं आवळून बांधलेला बत्तीस इंची टीव्ही होता आणि समोर साठ-सत्तर माणसं होती. मेस्सीनं १०८व्या मिनिटाला गोल केला, अर्जेंटिना ३–२ अशी पुढे गेली आणि तेवढ्यात दुसरी पाळी सुटली. हाताला ऑइल, खांद्याला डब्याची पिशवी अशी पोरं धावतच आली. मागच्यांनी पुढच्यांना फक्त बोटं दाखवून स्कोअर सांगितला.

तव्यावर चार अंड्यांची भुर्जी चालली होती. कांदा-मिरची परतून झालेली, हळद-तिखट पडलेलं, अंडी नुकतीच फोडलेली. ११८व्या मिनिटाला एम्बाप्पेनं मारलेला चेंडू माँतिएलच्या कोपराला लागला, पंचांनी पेनल्टी दिली आणि भुर्जीवाल्या दादांचं उलथनं हवेतच थांबलं. एम्बाप्पेनं चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला, गोल केला. ३–३. तोवर तव्यावरून धूर निघायला लागला होता. दादांनी ती करपलेली भुर्जी खरवडून बाजूला टाकली, तवा ओल्या फडक्यानं पुसला आणि नवी चार अंडी फोडली. प्लेट ज्याची होती तो ओडिशाचा मुलगा जास्तीचे पैसे पुढे करत होता. दादांनी घेतले नाहीत. म्हणाले, “चूक माझी आहे, मी बॉलकडे बघत होतो.”

जादा वेळ संपला, पेनल्ट्यांची तयारी सुरू झाली, आणि गाड्या बंद करा म्हणून सांगणारी गाडी आली. वेळ झाली होती हे खरंच होतं. दादांनी हुज्जत घातली नाही. गॅस बंद, टीव्हीची वायर काढली, फळी खाली. पाच मिनिटांत रस्ता मोकळा.

मी आणि माझी मुलगी चालत घराकडे निघालो. तिच्या मोबाइलवर चित्र अडकत होतं. पुढे चाललेल्या पोरांच्या मोबाइलवर कोमानची पेनल्टी अडवून झाली होती, आमच्याकडे तो अजून चेंडू ठेवत होता. इमारतींमध्ये ज्यांच्याकडे डिश आहे ते आम्हा सगळ्यांच्या पुढे. शेवटची पेनल्टी माँतिएलनंच मारली, ज्याच्या कोपराला चेंडू लागला होता त्यानंच. तो गोल मी पाहिला नाही. ओळख ना पाळख अशा एका घराच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून ओरडा आला, तेव्हा कळलं की अर्जेंटिना जिंकली.

मेस्सीनं आयुष्यभर वाट पाहिलेला क्षण होता तो, आणि तीन तास एका जागी उभं राहून शेवटची दहा मिनिटं आमच्या हातातून गेली. मला ते आजही लागतं. म्हणून हे लिहिते आहे, कारण तीच वेळ पुन्हा येते आहे, आणि यंदा दहा मिनिटांवर भागणार नाही.

येत्या ११ जूनपासून १९ जुलैपर्यंत अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत फुटबॉलचा विश्वचषक आहे. पहिल्यांदाच ४८ संघ आणि १०४ सामने. कतारच्या वेळी आपल्याला घड्याळानं साथ दिली होती. दुपारी साडेतीन, संध्याकाळी साडेसहा, रात्री साडेआठ असे सामने पडायचे, गाड्या चालू असताना बरंच बघून व्हायचं. यंदा तिकडची दुपार म्हणजे इकडची मध्यरात्र. उद्घाटनाचा मेक्सिको–दक्षिण आफ्रिका सामना आपल्याकडे १२ जूनला रात्री साडेबाराला सुरू होईल. ब्राझील–मोरोक्को १४ जूनला पहाटे साडेतीनला. अंतिम सामना २० जुलै उजाडताना, पुन्हा रात्री साडेबाराला. म्हणजे खाण्याच्या गाड्या बंद झाल्यावरच बहुतेक खेळ.

माझं म्हणणं एवढंच आहे की या एकोणचाळीस रात्री गोखिवऱ्यातल्या गाड्यांना सामना संपेपर्यंत उभं राहू द्यावं. जागा आखून द्या, अटी घाला, नोंद ठेवा, पण राहू द्या.

मी मूळची कोल्हापूरची. तिथं फुटबॉल हा पेठांचा, तालमींचा खेळ आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावं आमच्याकडे आडनावांसारखी सांगितली जातात. वडील मला शाहू स्टेडियमवर न्यायचे. मुलींनी कशाला, असं म्हणणारे होते, वडिलांनी त्यांना कधी उत्तर दिलं नाही, फक्त मला घेऊन गेले. येताना कागदाच्या पुडीत भडंग. लसणाचा तो तिखट वास बोटांना रात्रीपर्यंत राहायचा. १९८६ साली मी बारा वर्षांची होते. मेक्सिकोतला विश्वचषक दूरदर्शननं दाखवला. मॅराडोनानं इंग्लंडच्या खेळाडूंना एकामागून एक चकवत केलेला गोल मी गल्लीतल्या एका घरात, काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर पाहिला. तेव्हाही आपल्याकडे रात्र होती, बारा वाजून गेलेले. त्या घरातल्या काकींनी परातभर चुरमुरे कालवून मधोमध ठेवले होते आणि पंधरा-वीस हात त्यात जात होते. खेळ पाहणं आणि एका परातीत हात घालणं या दोन गोष्टी माझ्या मनात तेव्हापासून जोडलेल्या आहेत. त्या सुट्या करून मला जमत नाही.

१९९८ साली लग्न होऊन वसईला आले आणि प्लॅस्टिकच्या एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहायला लागले. तेव्हापासून गोखिवरे माझं आहे. बाहेरच्यांना वसई म्हटलं की किल्ला, चिमाजी अप्पा, केळीच्या बागा आठवतात. ती पश्चिमेची वसई. तिथं गावागावांत चर्चच्या बाजूच्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळला जातो. आमच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, गोखिवऱ्याचा तलाव, आदिवासी पाडे आणि मग गाळेच गाळे. वालीव, सातिवली, गोखिवरे, वसई फाट्यापर्यंत. मोल्डिंग, पॅकिंग, स्टीलची भांडी, फर्निचर, यंत्रांचे सुटे भाग. आत काम करणारी माणसं बंगाल, ओडिशा, बिहार, नेपाळ, केरळ, जालना, नांदेड, कुठून कुठून आलेली. एका खोलीत सहा-सहा जण पाळीपाळीनं झोपतात. एक उठला की दुसरा त्याच अंथरुणावर. अशा खोलीत टीव्ही कुठला, आणि असला तरी रात्री लावणार कसा? शेजारी पहिल्या पाळीवाला झोपलेला असतो.

या माणसांना क्रिकेटइतकंच, काहींना त्याहून जास्त, फुटबॉल लागतं. बंगालच्या मुलांमध्ये ब्राझीलवाले आणि अर्जेंटिनावाले असे सरळ दोन गट आहेत, विश्वचषकाच्या महिन्यात ते एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत. आमच्या कारखान्यातल्या फिटरचं गाव कोळिकोडजवळ. २०२२ साली त्याच जिल्ह्यात पुल्लावूरला लोकांनी नदीच्या पात्रात मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे उंचच उंच कटआउट उभे केले होते. ते फोटो दाखवताना तो कारखान्यात कधी बोलत नाही इतकं बोलला. चायनीजच्या गाडीवरचा नेपाळी मुलगा शेजवान परतताना मान न वळवता सांगतो की चेंडू कुणाकडे आहे. कढईच्या जाळाआडून त्याला कसं दिसतं, मला कळलेलं नाही.

यांनी सामना कुठं बघायचा? हॉटेलात बघा, मॉलमध्ये बघा, असं सांगणारे भेटतात. महिन्याला पंधरा-सोळा हजार कमवून त्यातले दहा गावी पाठवणाऱ्या मुलाला एका कोल्ड्रिंकचे दीडशे रुपये देऊन तीन तास बसायला सांगणं मला बरं वाटत नाही. दारावरचा माणूस त्याच्या चपलांकडे बघतो, ते वेगळंच. गाडीवर साठ रुपयांत भुर्जी आणि दोन पाव मिळतात आणि तीन तास उभं राहिलं तरी कुणी उठवत नाही.

खरोखरचा आंतरराष्ट्रीय सामना मी एकदाच मैदानात जाऊन पाहिला. जून २०१८, अंधेरीच्या क्रीडा संकुलातली इंटरकाँटिनेंटल स्पर्धा. १ जूनला भारतानं चायनीज तैपेईला ५–० हरवलं, आणि बघायला प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी सुनील छेत्रीनं व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, असं त्याचं सांगणं होतं. राष्ट्रीय संघाच्या कर्णधाराला असं हात जोडावे लागतात हे मला सहन झालं नाही. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. सोमवार असूनही मी लवकर निघाले, मुलीला घेतलं, वसई रोडहून लोकल पकडली. स्टेडियम भरलेलं होतं आणि पाऊस असा की चेंडू पाण्यात अडकत होता. भारत ३–० जिंकला. दोन गोल छेत्रीचे, एक जेजेचा.

आत प्रत्येक जण आपल्या खुर्चीवर, आपापल्या माणसांबरोबर. गाठीभेटी झाल्या त्या बाहेर, वीरा देसाई रोडवर. एका गाडीवाल्यानं मोठी छत्री बांधून ऑमलेट-पाव लावला होता. छत्रीखाली दहा-बारा जण दाटीवाटीनं उभे होतो, प्लेटमध्ये पावसाचं पाणी पडू नये म्हणून ती छातीशी धरून. एक वांद्र्याचे आजोबा कूपरेजवर पाहिलेल्या रोव्हर्स कपबद्दल सांगत होते. १८९१ साली सुरू झालेली ती स्पर्धा पंचवीसएक वर्षांपूर्वी बंद पडली. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची, तिनं कूपरेजचं नावही ऐकलेलं नव्हतं. आजोबांनी पाव मोडून दोन तुकडे ठेवून तिला बचाव फळी कशी उभी राहते ते दाखवलं. पुढं तिला खेळ कळायला लागला तो त्या पावाच्या तुकड्यांपासून.

पाचच आठवड्यांनी वसई बुडाली. ९ आणि १० जुलै २०१८. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, मिठागरांवरची माणसं अडकलेली, वीज गेलेली. १० जुलैच्या रात्री साडेअकराला रशियातल्या विश्वचषकाचा पहिला उपांत्य सामना होता, फ्रान्स विरुद्ध बेल्जियम. कुणाच्या मोबाइलला चार्जिंग नव्हतं. दादांचा टेम्पो त्यातल्या त्यात उंचावर लावलेला होता. त्यांनी इंजिन चालू केलं आणि लायटरच्या जागेवरून एकेकाचा मोबाइल दहा-दहा मिनिटं चार्ज करून द्यायला सुरुवात केली. रांग लागली. पावाची गाडी दोन दिवस आली नव्हती. अंडी होती. जवळच्या चाळीतल्या एका बाईंनी भाताचं पातेलंच आणून ठेवलं आणि त्या रात्री गोखिवऱ्यात भुर्जी-भात झाला, शेगडीच्या जाळाच्या उजेडात. दादांनी भाव एका रुपयानंही वाढवला नाही.

चित्र दिसण्याइतकं नेटवर्क नव्हतं, पण अधूनमधून फोन लागत होता. आमच्या फिटरचा भाऊ कुवेतला. त्याचा फोन लागला आणि तो तिकडून टीव्ही बघत मल्याळममध्ये सांगायला लागला. फिटर ते हिंदीत सांगायचा, एक जण बंगालीत, आणि मी भाताचं पातेलं आणणाऱ्या बाईंना मराठीत. ५१व्या मिनिटाला कॉर्नरवर उमटिटीनं डोक्यानं गोल केला तो असा चार भाषांतून आमच्यापर्यंत पोहोचला. त्या बाईंना फुटबॉलचं काही माहीत नव्हतं. डोक्यानं मारलं तरी चालतं का, असं त्यांनी विचारलं, आणि चालतं म्हटल्यावर खूश झाल्या. त्या रात्रीचा सामना पावसानं नेला, त्याबद्दल माझी कुणाकडे तक्रार नाही. २०२२चा घड्याळानं नेला. घड्याळाचं आपल्या हातात असतं.

आता नियमांचं बोलते, कारण भावनेवर कुणी परवानगी देत नाही.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झाला. पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण करा, विक्री प्रमाणपत्र द्या, विक्रीच्या जागा ठरवा आणि हे ठरवणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेते असू द्या, असं तो सांगतो. त्यातल्याही एकतृतीयांश बाया हव्यात. त्याच कायद्यात वेळ वाटून घेऊन विक्री करण्याची तरतूद आहे. एकच जागा दिवसा एका कामाला, रात्री दुसऱ्या. आमच्या गाळ्यांच्या रस्त्याला हे इतकं चपखल बसतं की तो रस्ता बघूनच कुणी लिहिलं असावं असं वाटतं. दिवसभर तिथं माल भरणारे ट्रक, हातगाड्या, रिक्षा, पाय ठेवायला जागा नसते. रात्री दहानंतर कुत्री सोडून कुणी नाही. घरं नाहीत. आत तिसऱ्या पाळीची यंत्रं चालू असतात, त्यांच्या आवाजापुढे माणसांचा ओरडा काहीच नाही. सामन्याच्या रात्री गाड्या इथं लावा. रेंज नाक्याच्या तोंडावर नको, तिथं रात्रीही कंटेनर वळतात. तलावाच्या काठावरही नको, तिथं समोर इमारती आहेत.

आवाजाचा मुद्दा सगळ्यात आधी निघतो आणि तो खरा आहे. माझ्या सासूबाई शहाऐंशीच्या आहेत, त्यांची खोली रस्त्याच्या बाजूला आहे, गणपती-नवरात्रात त्यांचे काय हाल होतात ते मी बघते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही, हा २००० सालच्या नियमांचा दंडक मला पूर्ण मान्य आहे. त्यात सवलत मागूच नये. गाडीवर आवाज लागतच नाही. दादांचा टीव्ही पहिल्या दिवसापासून मुका आहे, कारण शेगडीच्या फुरफुरण्यात आणि तव्याच्या टणटणाटात तसंही काही ऐकू येत नाही. आणि मुका सामना बघायची सवय लागली की डोळे जास्त काम करतात. समालोचक ज्याचं नाव घेतो त्याच्याकडेच आपण बघत राहतो. आवाज नसला की चेंडूपासून लांब, मोकळ्या जागेत गुपचूप सरकणारा खेळाडू दिसायला लागतो. मला मॉड्रिच असा दिसला. गोल झाल्यावर लोक ओरडतील, ते मी नाकारत नाही. ते गाळ्यांच्या रस्त्याला ओरडू देत.

कचऱ्याचं मात्र मी गाडीवाल्यांच्या बाजूनं बोलणार नाही. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना मी ते गटार पाहिलं. कागदी कप, चटणीच्या पिशव्या, थर्माकोलच्या प्लेटा. थर्माकोलच्या प्लेटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. हाच कचरा जुलैत पाणी तुंबवतो आणि मग आपण आभाळाला दोष देतो. स्टीलच्या ताटलीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची जी पद्धत पडली आहे तीही थांबली पाहिजे. ताटल्या धुवायला पाणी लागतं, म्हणून पिशवी येते. तेव्हा पाण्याचा एक टँकर आणि दोन फिरती शौचालयं या रस्त्याला उभी करावीत. त्याचे पैसे गाडीवाल्यांकडून घ्या. दादा म्हणाले, रात्रीमागे शंभर-दीडशे द्यायला कुणी मागं सरणार नाही. अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी लावायला सांगा. छोट्या गाडीवाल्याला ती नोंदणी जड नाही, ती नसण्याला सबब नाही. आणि दारू पिऊन येणाऱ्याला गाडीवर उभं करायचं नाही, ही अट मोडली तर त्या गाडीची परवानगी त्याच रात्री काढून घ्या. मी स्वतः तक्रार करीन.

जगात हे कुणी केलेलं नाही असंही नाही. २००६ साली जर्मनीत विश्वचषक झाला तेव्हा ज्यांना तिकीट मिळालं नाही त्यांच्यासाठी शहरांतल्या मोकळ्या जागांवर मोठे पडदे लावले, बाजूला खाण्याच्या टपऱ्या लावल्या, आणि तेव्हापासून ती प्रत्येक विश्वचषकाची रीत झाली. आपल्याला तेवढा पडदाही नको. सुतळीनं बांधलेला बत्तीस इंची पुरे.

आणखी एक गोष्ट आहे, ती बाईमाणसाला लवकर कळते. मुलगी आता गोरेगावला नोकरी करते, तिला कधी कधी शेवटच्या गाड्यांपैकी एखादी लोकल मिळते. स्टेशनवरून शेअर रिक्षा नाक्यावर सोडते आणि तिथून घरापर्यंत आठ मिनिटं चालावं लागतं. त्या आठ मिनिटांत दादांच्या टेम्पोचा दिवा लागतो. दादांबरोबर वहिनी असतात, कांदा चिरायचं आणि पैशांचं त्यांच्याकडे. मुलगी गेली की त्या मला फोन करतात, “काकू, तुमची पोरगी आत्ता इथून गेली.” ज्या रात्री गाडी लवकर बंद होते त्या रात्री तो फोन येत नाही आणि मी गॅलरीत उभी राहते. दुसऱ्या पाळीत पॅकिंगच्या कामाला बाया असतात, त्यांनाही त्याच रस्त्यानं जायचं असतं. रस्ता रिकामा केला की सुरक्षित होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी रात्री बारा वाजता रिकाम्या रस्त्यानं एकटं चालून पाहावं. मला उजेड हवा, ओळखीचा चेहरा हवा, आणि तवा वाजत असला तर फारच बरं.

२०२२ साली गाडीवर बाया आम्ही पाच-सहाच होतो. मोरोक्कोनं पोर्तुगालला १–० हरवून आफ्रिकेतला पहिला देश म्हणून उपांत्य फेरी गाठली, त्या रात्री पॅकिंगमधल्या दोघी पहिल्यांदा आल्या, काय गर्दी आहे बघायला. वहिनींनी त्यांना आत, टेम्पोच्या पायरीवर बसवलं. नंतर त्या रोज आल्या. त्यांतली एक आता नियम समजावून सांगते. ऑफसाइड सांगताना ती तिखटाची आणि मिठाची बरणी वापरते, आणि बरोबर सांगते.

दादांनी करोनानंतर पथविक्रेत्यांसाठीच्या योजनेतलं दहा हजारांचं कर्ज घेतलं, वेळेवर फेडलं, मग वीस हजारांचं घेतलं. त्यातून बॅटरी आणि इन्व्हर्टर आला. टीव्ही त्यांच्या मेहुण्याचा जुना. माणूस स्वतःच्या पायावर उभा राहू पाहतो आहे आणि त्याला लागतात फक्त रात्रीचे काही तास, तेही एका महिन्यापुरते. सामन्याच्या दिवशी तो कसं काम करतो ते मी जवळून पाहिलं आहे. पहिल्या पाऊण तासात तो भुर्जी कमी लावतो, कांदाच चिरत बसतो. मोठं घमेलं भरतं. कोथिंबीर ओल्या फडक्यात, मिरची वेगळी, पावाच्या लाद्या आडव्या कापून ठेवलेल्या. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. त्या पंधरा मिनिटांत चाळीस प्लेट जातात. कुणी कॉर्नरच्या वेळी प्लेट मागितली तर तो नुसता हात वर करतो, थांबा. कॉर्नर झाल्यावर अंडं फुटतं.

परवा मी त्यांच्यासाठी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे सामन्यांचं वेळापत्रक लिहून दिलं. आपल्या वेळेत, मराठीत. आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असते आणि उद्घाटनाचा सामना गुरुवारची रात्र संपून शुक्रवार लागताना आहे, म्हणजे पहिल्याच रात्री गर्दी. १७ जूनला अर्जेंटिना–अल्जीरिया सकाळी साडेसहाला. पहिली पाळी सातला भरते. अर्ध्या तासाचा खेळ बघून पोरांना पळावं लागणार, तेव्हा त्या दिवशी भुर्जी बांधून द्यावी लागेल, असं वहिनी म्हणाल्या. त्यांनी त्या तारखेला पेनानं गोल केला. टेम्पोच्या पुढे बांधायला नवी ताडपत्री आणून ठेवली आहे, जूनचा पाऊस धरून. परवानगीचा अर्ज मी लिहून दिला आहे, त्यावर पोचही मिळाली आहे, उत्तर अजून यायचं आहे.

दादांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, “काकू, अकरा तारखेच्या रात्रीला अंडी किती भरू? नेहमीचे चार ट्रे, की दहा?”

मी म्हटलं, पत्र येऊ दे, मग सांगते.